नखरे

मांजराला 'नको' हा शब्द कळत नाही असं लोक म्हणतात. साफ चूक. व्यवस्थित कळतो. तो आपल्याला लागू होतो, एवढंच त्याला मान्य नसतं. कुत्र्याला ओरडलं तर ते बिचारं चेहरा पाडून कोपऱ्यात जाऊन बसतं. मांजर तुमचं बोलणं संपेपर्यंत शांतपणे थांबतं, आणि मग मघाशी जे चाललं होतं तेच पुढे चालू करतं. त्यामुळे मांजर पाळणाऱ्याला 'नको' सोडून दुसरं काहीतरी शिकावं लागतं. ते दुसरं काहीतरी मी गेल्या वर्षी एका सोफ्याच्या निमित्ताने शिकले. त्याचीच ही गोष्ट.

आधी पात्रपरिचय. चकली : वय वर्ष-सव्वा वर्ष, जुलैच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली. झोपताना गोल गुंडाळी करते आणि अंगावर पट्टे आहेत म्हणून चकली. सोफा : वय ३८ वर्षं, अस्सल सागवानी, मालक अर्थातच घरमालक काका. आमचा फ्लॅट सेमी-फर्निश्ड आहे, आणि त्यातलं 'फर्निश्ड' म्हणजे हा सोफा आणि एक लोखंडी कपाट. सोफ्याचं जाड विणीचं कापड काकूंनी निवडलेलं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी : वय २८, कंप्युटर इंजिनिअर, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणे हा व्यवसाय. आणि माझी रूममेट, जिला मांजर आवडतं, पण लांबून :-)

दिवाळीच्या आसपास एका सकाळी मी लॅपटॉपवर टीमच्या मीटिंगमध्ये होते. मागून आवाज. खर्रर्र... खर्रर्र... मीटिंगमधला एक जण म्हणाला, "तुझ्याकडे फर्निचरचं काम चाललंय का?" चाललं होतं खरं. फक्त उलट्या दिशेने. सोफ्याच्या डाव्या हाताचे धागे मक्याच्या कणसाच्या केसांसारखे लोंबत होते, आणि चकली मागच्या दोन पायांवर उभी राहून तन्मयतेने पुढचं काम करत होती.

त्याच संध्याकाळी मी फोटो काढून काकांना पाठवला. काका बँकेतून रिटायर झालेले, मेसेजला मेसेजने उत्तर देत नाहीत, फोन करतात. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हे बघ, डिपॉझिटचा प्रश्न नाही. पैसे कापून काय करू? ते कापड आता मिळत नाही. फेब्रुवारीत ॲग्रीमेंट संपतंय. तोवर एक तर तिची सवय जाऊ दे, नाहीतर मांजर जाऊ दे. तुम्ही दोघी राहा, तुमच्याबद्दल तक्रार नाही."

मांजर जाऊ दे, म्हणजे कुठे? परत पार्किंगमध्ये? तिथे रात्री चार कुत्री असतात. हातात साडेतीन महिने होते.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. रूममेटने इस्त्रीची पाण्याची बाटली उचलली. चकली सोफ्याजवळ गेली की फस्स! दोन आठवड्यांत गुण आला. चकलीने सोफा ओरबाडणं पूर्ण बंद केलं... रूममेट घरात असताना. ती ऑफिसला निघाली, लिफ्टचं दार लागलं की खर्रर्र. थोडक्यात, मांजर 'सोफ्याला नखं लावू नयेत' हे शिकलं नाही, 'ही बाई घरात असताना लावू नयेत' हे शिकलं. तार्किकदृष्ट्या अगदी बरोबर.

अमेरिकेतल्या मावसभावाचा सल्ला : "डीक्लॉ करून टाक, इकडे बरेच जण करतात." ऐकायला नखं कापल्यासारखं वाटतं. पण मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून हाडच काढावं लागतं. म्हणजे आपल्या दहा बोटांची शेवटची पेरं छाटून टाकण्यासारखं. कशासाठी, तर सोफ्यासाठी. वेस्ट हॉलिवूड शहराने २००३ साली आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली यावर बंदी घातली, आणि आपल्याकडच्या १९६० च्या कायद्यातही प्राण्याचे अवयव छाटणं क्रूरतेत मोडतं. मावसभावाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला. (म्हणजे इमोजी.)

कामाचं बोलली ती आई. सांगलीहून रोजचा फोन, त्यात मी सहज सांगितलं. आई म्हणाली, "अगं, आपली मनी परसातल्या शेवग्याला नखं घासायची की. त्या खोडाची पार सालं निघाली होती. तुमच्या चौथ्या मजल्यावर झाड कुठंय तिला?"

इथे माझी ट्यूब पेटली. आम्ही सगळे 'हे थांबवायचं कसं' विचारत होतो. प्रश्न होता, 'ती हे करते कशासाठी'. आणि जे करते ते तिने करायलाच हवं असेल, तर मग कुठे करावं?

शोधल्यावर कळलं की कारणं तीन आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. पहिलं, नखांची देखभाल. मांजराचं नख कांद्यासारखं थरांनी वाढतं. बाहेरचा जुना थर निघाला की आतलं धारदार नख मोकळं होतं, आणि तो थर काढायला नख कशात तरी रुतवून ओढावं लागतं. दुसरं, व्यायाम. झोपून उठल्यावर मांजर पुढचे पाय जितके जातील तितके वर नेतं, नखं रोवतं आणि सगळं अंग मागे खेचतं. पाठ, खांदे, पाय, सगळे सांधे मोकळे. आपण आळस देतो तसंच, फक्त आधाराला काहीतरी पकडून. आणि तिसरं, सही करणं. पंजाच्या गादीत गंधग्रंथी असतात. ओरखडा दिसतो आणि वासही राहतो. 'इथे मी राहते' अशी दारावरची पाटी म्हणा ना. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा त्याच जागी जाते. जुनी पाटी पुसट झाली की नवा रंग.

ताडोब्याला गेलेल्यांना आठवत असेल. गाइड जिप्सी थांबवतो, एका झाडाकडे बोट दाखवतो. खोडावर उभे ओरखडे, माणसाच्या डोक्याच्याही वर. वाघाने हद्द आखलेली असते. सगळे श्वास रोखून फोटो काढतात. त्यासाठी आपण पहाटे चारला उठून, भरपूर पैसे मोजून गेलेलो असतो. वाघाच्या मावशीने तेच काम आपल्या हॉलमध्ये फुकट करून दाखवलं की मात्र ती नासधूस!

आता 'कशासाठी' कळल्यावर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. युजरला काय हवंय ते स्पष्ट होतं. उभं राहून पूर्ण ताणता यावं एवढी उंची. जोर लावल्यावर हलू नये एवढा भक्कमपणा. नख रुतेल पण अडकणार नाही असा पृष्ठभाग. आणि घरातली मोक्याची जागा. सोफ्याकडे या चारही गोष्टी होत्या. त्यामुळे सोफा निवडण्यात चकलीचं काही चुकलं नव्हतं. बाजारातल्या त्यातल्या त्यात चांगल्या प्रॉडक्टची तिने निवड केली होती.

पेट शॉपमध्ये जाऊन आले. तिथले स्क्रॅचिंग पोस्ट दीड-एक फुटाचे, वर लोंबणारा उंदीर, आणि बोटाने ढकललं तरी डुलणारे. ते मांजरासाठी बनवलेले नाहीत, मांजर पाळणाऱ्यासाठी बनवलेत. मांजराच्या मालकांच्या एका इंटरनेट पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले होते. त्यात मांजरं सगळ्यात जास्त वापरतात ते दोरी गुंडाळलेले, साधे, उभे आणि तीन फूट किंवा त्याहून उंच पोस्ट, असं दिसलं होतं. म्हटलं, हे तर आपणच करू.

टिंबर मार्केटमधल्या एका वखारीतून तीन इंच बाय तीन इंचाचा, तीन फुटी तुकडा आणला. खाली दोन फूट बाय दोन फुटाचं जाड प्लाय, खालून चार लांब स्क्रू. दोरासाठी रविवार पेठेत बोहरी आळी. तिथे दोन प्रकार निघाले, सुंभ आणि घायपाताचा दोर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही वगैरे ठीक, पण नख लागलं की त्याचा चुरा पडतो आणि तो केरसुणीलाही आवरत नाही. घायपाताचे तंतू लांब आणि चिवट. परदेशात ज्याला सिसल म्हणून भारी किमतीत विकतात, ते हेच, आपल्याकडे शेताच्या बांधावर उभं असतं ते.

किती दोर लागेल? दोर ८ मिलिमीटरचा, गुंडाळायची उंची ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. वेढे झाले ९५. दोराची जाडी धरून एका वेढ्याला १३ इंच. म्हणजे १०३ फूट. दुकानदाराला म्हटलं, "११० फूट द्या." तो म्हणाला, "विहिरीला पाहिजे का?" मी म्हटलं, "मांजराला." त्याने न बोलता मोजून दिला. पुण्यात दुकानदार जास्त चौकश्या करत नाहीत, ते बरं असतं.

रविवारची पूर्ण दुपार वेढे मारण्यात गेली. रूममेटने दोर ताणून धरला. (लांबून.) संध्याकाळी खांब सोफ्याच्या डाव्या हाताला अगदी खेटून उभा केला. रूममेट म्हणाली, "हॉलच्या मध्यात? बाल्कनीत ठेव ना." पण पाटी दारावरच लावतात, माळ्यावर नाही. कोपऱ्यात ठेवलेला पोस्ट हा फक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी असतो. सोफ्याच्या हातावर गुळगुळीत प्लॅस्टिकची शीट ताणून बसवली. तिथे नख रुतत नाही, म्हणजे मजा नाही. एक दार बंद, शेजारचं उघडं.

चकली आली, तिने खांबाचा वास घेतला, आणि दोर ज्या पोत्यातून आणला होता त्या रिकाम्या पोत्यात जाऊन झोपली.

मला याची कल्पना होती, कारण आमच्या धंद्याचा आणि मांजरांचा जुना संबंध आहे. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी मांजरांना लाकडी खोक्यांत ठेवलं. बाहेर खाणं. आत एखादी दोरी किंवा खिट्टी, ती ओढली की दार उघडणार. मांजर आधी सगळीकडे ओरबाडायचं, मग कधीतरी चुकून दोरी ओढली जायची. पुढच्या वेळी जरा लवकर. त्याच्या पुढे अजून लवकर. 'युरेका' असा क्षण नाही, हळूहळू उतरत जाणारा आलेख. ज्याचा शेवट गोड, ती कृती पक्की होते, हा त्याचा नियम. पुढे १९३० च्या दशकात त्याने आपलंच मत सुधारलं, की शिक्षेचा परिणाम बक्षिसाइतका होत नाही. (रूममेट, वाचते आहेस ना?) आज कंप्युटरला बक्षीस देऊन शिकवण्याची जी विद्या आहे, रीइन्फोर्समेंट लर्निंग, तिची एक मुळी या खोक्यांपर्यंत जाते. त्या विद्येसाठी अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. मांजरांना काही मिळालं नाही. मासे मिळाले असतील.

तर, आलेख हळूहळूच उतरणार. चकलीचे पंजे धरून खांबावर घासायचे नाहीत, हे पक्कं ठरवलं होतं. कुणी आपला हात धरून सही करायला लावली तर आपल्याला आवडेल का? त्याऐवजी बुटाची लेस खांबाच्या वरच्या टोकावरून सोडली आणि हलवत बसले. तिसऱ्या दिवशी चकलीने झेप घेतली, लेस निसटली, नखं दोरात रुतली. ती थबकली. दोराकडे बघितलं. मग अंगाचा भार टाकून एकदा खाली ओढलं... खर्रर्र! त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिच्यापुढे. बक्षीस लगेच द्यावं लागतं. फ्रिज उघडून आणेपर्यंत मांजराच्या डोक्यात विषय बदललेला असतो, आणि आपण तिला जांभई दिल्याबद्दल चिकन देतो.

वासाचंही काम होतं. कॅटनिप नावाची वनस्पती मिळते. पण साधारण एक तृतीयांश मांजरांवर तिचा परिणामच होत नाही, आणि आमची चकली त्यातलीच निघाली. मग आईने खोकलीचं नाव सांगितलं. पावसाळ्यात कुठेही उगवणारं तण, त्याच्या मुळावर मांजरं लुब्ध होतात. सोसायटीच्या कंपाउंडला सापडलं. मूळ धुऊन दोरावर चोळलं, तिला खायला दिलं नाही. चकली खांबाला गाल घासत अर्धा तास लोळली. त्या दिवसापासून खांब तिचा झाला.

दर अडीच-तीन आठवड्यांनी नखांची टोकंही कापायला लागले. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग सोडायचा, तिथे रक्तवाहिनी असते. फक्त पांढरं टोक. एका बैठकीत अठराच्या अठरा नखं होत नाहीत. चार झाली तरी आनंद मानायचा.

आणि हे सगळं मी एक्सेलमध्ये लिहून ठेवत होते. तारीख, खांब किती वेळा, सोफा किती वेळा. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा : खांब ४, सोफा ११. (प्लॅस्टिक नसलेला उजवा हातही तिने शोधलाच. मग त्यालाही शीट.) डिसेंबर अखेर : खांब ३०, सोफा १. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सोफा ०. तेव्हा शीट काढली. एका रफूवाल्यांनी घरी येऊन चार तास बसून डावा हात विणून दिला. जवळून बघितलं तर कळतं, दोन हातांवरून नाही.

फेब्रुवारीच्या एका रविवारी काका आले. चप्पल काढून सरळ सोफ्यापाशी. रफूवरून हात फिरवला, खाली वाकून मागची बाजू बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली. मी एक्सेलचं प्रिंटआउट हातात दिलं. बँकेतला माणूस, बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. तेवढ्यात आवाजाने चकली जागी झाली, लांबलचक आळस दिला, आणि सोफ्याच्या दिशेने चालायला लागली. माझ्या पोटात गोळा. रूममेटचा हात सवयीने बाटलीकडे. चकली सोफ्यापाशी आली, काकांच्या पायांचा वास घेतला, मागच्या पायांवर उभी राहिली आणि खांबाला भिडली. खर्रर्र... खर्रर्र... चांगला मिनिटभर.

काका बघत होते. काही बोलले नाहीत. मग सोफ्यावर बसले, डाव्या बाजूला.

"हिलाही मांजर हवं होतं," म्हणाले. काकूंबद्दल बोलत होते. "दोन-तीनदा म्हणाली. मी म्हटलं, नको, सोफा खराब होईल."

आम्ही दोघी गप्प. चहा ठेवायला रूममेट आत गेली.

चहा पिऊन काकांनी सही केली, पुढच्या अकरा महिन्यांची. जाताना दारात थांबून म्हणाले, "तो खांब तुमचा. फ्लॅट सोडताना घेऊन जायचा. मला अडगळ नको." आणि मग चप्पल घालता घालता, "नाव काय म्हणालीस तिचं?"

तेव्हापासून काका भाडं आलं का बघायला म्हणून महिन्यातून एकदा येतात. भाडं ऑनलाइन जातं.

असो. खांब सध्या अगदी केविलवाणा दिसतो. मधल्या भागात दोराचे तंतू सुटलेत, खाली नखांची चंद्रकोरीसारखी टरफलं पडलेली असतात. येणारे-जाणारे विचारतात, "फेकून नवा का नाही आणत?" फाटका खांब फेकू नये, मंडळी. आपल्याला तो फाटका वाटतो, मांजराला आत्ता कुठे मनासारखा झालेला असतो. बोहरी आळीतून अजून ५० फूट दोर आणलाय, पण मधलाच भाग बदलणार आहे. वरचे आणि खालचे दहा-बारा वेढे तसेच ठेवणार. त्यांच्यावर तिची सही आहे.